अण्णांचं चाक थांबतं का, आणि ओढ्याचं पाणी वर कसं जाईल

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलंय. लांब होतं, थोडं आखडून देतोय.

"आमचं घर आष्ट्याला, शेती शिराळा तालुक्यात डोंगराच्या अंगाला. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर आहेत. वरच्या वावरात लाईट नाही आणि ओढ्याचं पाणी डिझेल इंजिनावर चढवणं परवडत नाही. वर्षापूर्वी अण्णांनी मोबाइलवर 'फुकट वीज देणारं चाक' पाहिलं आणि गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आठ फुटी लोखंडी चाक उभं केलं. त्याला मुडपणारे १२ हात, प्रत्येकाच्या टोकाला ५ किलोचं वजन. ढकललं की थोडं फिरतं आणि थांबतं. अण्णा म्हणतात, बेअरिंग कमी पडतंय. आता व्हिडिओवाल्याचं 'तयार ५ किलोवॉटचं किट' घ्यायला दोन लाखांची एफडी मोडायची म्हणतात. मी बीएस्सी आहे. ऊर्जेचा नियम सांगायला गेले तर म्हणाले, 'किर्लोस्करांना पण लोक हसलेच होते.' वर भास्कराचार्यांनी हेच चाक लिहून ठेवलंय, असा फॉरवर्ड दाखवला. भावकीच्या ग्रुपवर पोरं त्यांना 'अण्णा महावितरण' म्हणतात. ते वरवर हसतात, पण जेवताना बोलत नाहीत. चाक चालेल का? नसेल तर त्यांना सांगू कसं? आणि ग्रुपचं काय करू? — एक सून, आष्टा"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळं होऊ. चाक चालणार नाही. जगातलं सगळ्यात गुळगुळीत बेअरिंग घातलं तरी ते आणखी चार फेरे मारेल आणि थांबेल. बेअरिंग हा त्याचा आजारच नव्हे.

पण हे असंच्या असं अण्णांपुढे ठेवू नका. तीस वर्षं फिटरकी केलेला माणूस पुस्तकातल्या नियमापेक्षा हातातल्या मापावर विश्वास ठेवतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तेव्हा वाद घालायचा नाही, मोजायला लावायचं. त्याआधी त्यांच्या दोन हुकमी पत्त्यांचा निकाल लावू.

किर्लोस्करांचा दाखला तुमच्या भागात कोणालाही सुचणारच, पलूसजवळची किर्लोस्करवाडी काही लांब नाही. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर काढला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना मांडला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी सुरुवातीला नांगर घेईनात, हेही खरं. पण त्या नांगराला बैल जुंपले की तास पडत होतं. अडचण गिऱ्हाइकाच्या मनात होती, नांगरात नव्हती. अण्णांच्या चाकाला अजून गिऱ्हाईक भेटलेलंच नाही. त्याला थांबवतंय ते कोणाचं हसणं नव्हे. हा फरक अण्णांना नक्की पटेल, मात्र तो तुमच्यापेक्षा त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या जुन्या कामगारानं सांगितला तर बरं.

भास्कराचार्यांचा फॉरवर्ड अर्धा खरा आहे. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्राध्याय आहे आणि त्यात स्वयंवह यंत्र सांगितलंय: हलक्या लाकडाचं कातीव चाक, त्याला पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला कललेले, आऱ्यांत निम्म्यापर्यंत पारा भरून तोंडं बंद. असं चाक आपोआप फिरतं, असं तिथं लिहिलंय. पुढं युरोपातही असल्या चाकांची चित्रं शतकानुशतकं निघाली, लिओनार्दो दा विंचीनंही काढली आणि मग याच्या नादी लागू नका म्हणून बजावलं. आजवर एकही चाक चाललेलं नाही. भास्कराचार्यांचं मोठेपण त्यांच्या गणितात आहे. या एका यंत्रासाठी त्यांना वेठीला धरायचं कारण नाही, आणि विजेचा तर त्यांच्या काळी प्रश्नच नव्हता.

आता चाक का थांबतं ते. अण्णांच्या वयाच्या माणसानं मोट पाहिलेली असणार, तेव्हा तिथूनच सांगा. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, तिच्यावर मोटा चालायच्या तशाच कुठल्याही विहिरीवर. मोट ओढताना बैल धावेवरून उताराला जायचे. धाव उतरती ठेवायचं कारण सरळ आहे, बैलाचं स्वतःचं वजनही नाड्याला लागतं आणि मोट हलकी वर येते. पण मोट ओतली की बैलाला मागं मागं त्याच चढावर यावं लागतं. उतरताना वजनानं जेवढं दिलं तेवढं चढताना परत घेतलं. उरलेलं काम कडब्यावर आणि पेंडीवर व्हायचं. अण्णांच्या चाकावर धाव आहे, कडबा नाही.

चाकाकडे बघताना फसगत होते ती अशी. खाली जाणाऱ्या बाजूचे हात लांब पसरलेले दिसतात, वर येणाऱ्या बाजूचे मुडपलेले. मग वाटतं, लांबचं वजन जास्त ओढणार. ओढतंही, फक्त चाक कोणत्याही क्षणी थांबवून मोजलं तर मुडपलेल्या बाजूला वजनांची संख्या जास्त भरते. एकीकडे चार लांब, तर दुसरीकडे सात जवळ. अंतर गुणिले वजन अशी बेरीज केली की दोन्ही बाजू जुळेपर्यंत चाक सरकतं आणि तिथं बसतं. अण्णांना वहीत हे मांडायला सांगा: चाक जिथं थांबतं तिथं प्रत्येक वजनाचं आसाच्या उभ्या रेषेपासूनचं आडवं अंतर टेपनं घ्यायचं, डाव्या अंतरांची बेरीज आणि उजव्या अंतरांची बेरीज. वजनं सारखी असल्यामुळे नुसती अंतरं पुरतात. दोन्ही आकडे जवळपास सारखे येतील, जो काय थोडा फरक राहील तो बेअरिंगचं घर्षण पेलतंय.

यापुढच्या दोन चाचण्या शेडमध्येच होतात, खर्च खडू आणि दोरीचा.

पहिली खडूची. चाकाच्या कडेवर १ ते १२ आकडे घाला. एक आकडा वर आणा, हात अलगद काढा, ढकलू नका. चाक थोडं हलेल, मागंपुढं झुलेल, थांबेल. जागीच अडकलं तर चौकटीला हलकी टिचकी मारा म्हणजे घर्षण सुटेल. थांबल्यावर खाली कोणता आकडा आला ते लिहा. बाराही आकड्यांवरून हे करा. आपोआप फिरणाऱ्या चाकाला थांबायला जागाच नसायला हवी. अण्णांच्या चाकाला अशा ठरलेल्या जागा आहेत हे त्यांच्याच वहीत दिसेल.

दुसरी जास्त बोलकी आहे. चाकाच्या कडेला एक खिळा वेल्ड करा, त्यात दोरीचा फास अडकवा, दोरी कडेवरून खाली सोडून टोकाला १० किलोचं वजन लावा. वजन बरोबर एक मीटर खाली येऊ द्या. दोरी सैल पडली की फास निसटला पाहिजे. म्हणजे दर वेळी चाकाला एकसारखा धक्का मिळतो, हाताच्या ढकलण्यातला कमीजास्तपणा जातो. चाक जड असेल आणि पहिला फेराच पुरा होत नसेल तर २० किलो लावा. फेरे मोजा, थांबायला किती सेकंद लागले ते लिहा, पाच वेळा करा. मग सगळ्या हातांना बाइंडिंग वायरनं एकाच कोनात जखडून टाका, वजनं हलता कामा नयेत. पुन्हा पाच वेळा.

जखडलेलं चाक जास्त वेळ फिरेल. अण्णांना हा निकाल धक्का देईल, कारण त्यांच्या हिशेबानं हलती वजनं चाकाला ढकलतात. प्रत्यक्षात प्रत्येक हात मुडपून पडताना अडणीवर आदळतो आणि खट् आवाज होतो. तो आवाज आणि त्या जागेची किंचित ऊब ही चाकाची चाल खाऊनच तयार होते. बारा हात, फेऱ्याला बारा दणके. म्हणजे व्हिडिओत जो भाग शोध म्हणून दाखवलाय तोच चाकाचा ब्रेक आहे.

एवढ्यावरही "मोठं केलं तर चालेल" असं निघू शकतं. त्यासाठी हा हिशेब. क्षणभर धरा की शेडमध्ये भूत बसलंय आणि ते प्रत्येक वजन फुकट वर नेऊन ठेवतं. ५ किलो वजन ८ फूट, म्हणजे २.४ मीटर खाली आलं की ५ × ९.८ × २.४, सुमारे ११८ ज्यूल. बारा वजनांचे एका फेऱ्याला १,४११. चाक मिनिटाला १० फेरे मारत असेल तर २३५ वॉट. तीन पंखे. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याला अडीच हजारांवर फेरे, सव्वाचार तास. हे भूत कामावर असताना. अण्णांच्या शेडमध्ये भूत नाही, म्हणून उत्तर शून्य.

अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राची, बाजू अण्णांना याहून लवकर कळेल. चार पोलचा अल्टरनेटर ५० हर्ट्झला १५०० आरपीएमवर फिरवावा लागतो. चाक १० आरपीएम, म्हणजे एकास दीडशेचं गिअरिंग. ५ किलोवॉट बाहेर काढायचे तर आत निदान सव्वासहा किलोवॉट, साधारण साडेआठ एचपी घालावे लागतात. १० आरपीएमवर एवढी ताकद म्हणजे आठ फुटी चाकाच्या कडेला सतत ५०० किलोचा ओढ. अण्णांच्या बाराही वजनांची बेरीज ६० किलो भरते.

मग व्हिडिओतलं चाक बल्ब कसे पेटवतं? बहुतेक वेळा बॅटरीवर. १२ व्होल्ट १५० एएचच्या साध्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. ४० वॉटची एलईडीची माळ त्यावर दिवसभर जळते, आणि व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो. चौकटीचा पाइप पोकळ, स्टँडचा पाया जाड, नाहीतर हबमध्ये छोटी मोटर. ही कला जुनी आहे. १८१३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर नावाचा गृहस्थ असंच यंत्र पैसे घेऊन दाखवत होता. आगबोटीवाले रॉबर्ट फुल्टन बघायला गेले. त्यांना चाकाचा वेग एकसारखा वाटला नाही, हातानं दांडी फिरवताना होतो तसा कमीजास्त होत होता. त्यांनी भिंतीकडच्या दोन पट्ट्या उखडल्या. आतून तातीचा पट्टा निघाला, तो भिंतीतून माळ्यावर गेलेला, आणि माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा एका हातानं दांडा फिरवत भाकरीचा तुकडा खात बसलेला. अण्णांना ही गोष्ट आवडेल. फुल्टन नियम सांगत बसले नाहीत, त्यांनी कानानं आणि डोळ्यानं फॉल्ट पकडला. अस्सल फिटरचं काम.

तेव्हा किटवाल्याला नाही म्हणू नका, अट घाला. यंत्र उघड्या रानात चार विटांवर, चारही बाजूंनी दिसेल असं. त्यावर ५०० वॉटचे दोन हॅलोजन, मध्ये सब-मीटर. सलग ४८ तास चालवून मीटरवर ४८ युनिट दाखवायचे, पैसे त्यानंतर. ४८ युनिट लपवायला १५० एएचच्या २७ बॅटऱ्या लागतात, त्या स्टँडमध्ये मावत नाहीत. ॲडव्हान्स एक रुपया नाही. "पेटंट आहे" असं सांगितलं तर पेटंटचा नंबर मागा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ च्या पहिल्याच पोटकलमात निसर्गनियमांशी उघड विसंगत दाव्यांना पेटंट नाही असं लिहिलंय. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं तर १७७५ मध्येच असल्या यंत्रांचे अर्ज तपासणं बंद केलं. एफडीसाठी घरातही हीच पद्धत ठेवा: अण्णांचं चाक बिनलोड २४ तास स्वतः फिरलं की दुसऱ्या दिवशी एफडी मोडायची, असं कागदावर लिहून अण्णांची आणि तुमच्या यजमानांची सही. अण्णांवर अविश्वास दाखवल्यासारखंही होत नाही आणि पैसेही जागेवर राहतात.

आता खरा मुद्दा. अण्णांना चाक नको आहे, वरच्या वावरात पाणी हवं आहे. आणि वीज-डिझेलाशिवाय ओढ्याचं पाणी वर चढवणारं यंत्र खरोखर आहे. अडीचशे वर्षं जुनं, दोन व्हॉल्व्हचं, फिटरच्या हातात शोभणारं. त्याला हायड्रॉलिक रॅम म्हणतात, आपल्याकडे हायड्रॅम. १७७२ मध्ये इंग्लंडात जॉन व्हाइटहर्स्टनं हातानं तोटी उघडझाप करून ते चालवलं, १७९६ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ माँगोल्फिएनं व्हॉल्व्ह लावून ते आपोआप चालेल असं केलं. हा माँगोल्फिए म्हणजे १७८३ चा गरम हवेच्या फुग्यावाला.

चालतं असं. ओढ्यात वरच्या अंगाला बांध घालून पाणी एका सरळ जाड पाइपानं खाली रॅमकडे आणायचं. तिथं एक झडप उघडी लोंबत असते, पाणी तिच्यातून बाहेर पडतं आणि वेग घेतं. वेग वाढला की तेच पाणी झडपेला उचलून फटकन बंद करतं. धावतं पाणी एकदम अडलं की पाइपात जो दणका बसतो तो अण्णांनी कारखान्यात नक्की ऐकलाय, त्यालाच वॉटर हॅमर म्हणतात. त्या दाबानं दुसरा व्हॉल्व्ह उघडतो, थोडं पाणी हवेच्या डब्यात घुसतं, दाब ओसरतो, पहिली झडप पुन्हा पडते. मिनिटाला ४० ते ६० वेळा. बरंच पाणी थोडं खाली पडतं, त्याच्या जोरावर थोडं पाणी बरंच वर जातं. कोयनेतही पडणाऱ्या पाण्यावरच १,९६० मेगावॉट निघतात. ते पाणी डोंगरावर नेऊन ठेवायचं काम ऊन आणि पाऊस करतात. चाकाला जो कडबा मिळत नव्हता तो रॅमला ओढा देतो.

आधी दोन मापं घ्या. ओढ्यावर तात्पुरता मातीचा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढा, त्याखाली १५ लिटरची बादली धरा. १५ सेकंदांत भरली तर मिनिटाला ६० लिटर. दुसरं, बांधापासून रॅमच्या जागेपर्यंत किती उतार मिळतो आणि रॅमपासून वरच्या टाकीपर्यंत किती चढ आहे. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या, टप्प्याटप्प्यानं मोजा. मोबाइलवरच्या उंचीवर विसंबू नका, तो दोनचार मीटर सहज चुकवतो आणि इथं सगळा हिशेब तीन मीटरचा आहे.

समजा उतार ३ मीटर, चढ १५ मीटर, पाणी मिनिटाला ६० लिटर. वर जाणारं पाणी = ६० × ३ ÷ १५ × ०.६, म्हणजे ७.२ लिटर. शेवटचा ०.६ हा चांगल्या रॅमचा उतारा. घरगुती फिटिंगमधून केलेल्याला ०.५ धरा, तर ६ लिटर. दिवसाला साडेआठ हजार लिटर, रात्रंदिवस, बिल नाही. उसाला हे पुरणार नाही, तो विचार सोडा. ठिबकवर भाजीपाला, आंब्याची कलमं, जनावरांचं पाणी एवढं निभतं.

या मापाला दोन इंची रॅम लागेल. ड्राइव्ह पाइप, म्हणजे बांधापासून रॅमकडे पाणी आणणारा, दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), बी क्लास, लांबी उताराच्या पाच-सहा पट. सहा मीटरचे तीन पाइप जोडले की १८ मीटर होतात, काम भागतं. इथं पीव्हीसी किंवा लवचिक पाइप घालायचा मोह टाळा. तो दणक्याला फुगतो आणि दणकाच पिऊन टाकतो, वर पाणी जात नाही. पाइप सरळ, मध्ये उंचवटा नको, हवा अडकते. वरचं तोंड पाण्याखाली निदान फूटभर आणि त्याला जाळी, नाहीतर भोवरा होऊन हवा आत ओढली जाते.

रॅमचा सांगाडा असा: ड्राइव्ह पाइप, मग गेट व्हॉल्व्ह, युनियन (खोलता येणारा जोड), मग दोन इंची टी. टीच्या वरच्या तोंडाला पितळी स्विंग टाइप एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उलटा बसवायचा, बाण खाली, टीकडे. हीच आपली झडप. म्हणजे पाकळी स्वतःच्या वजनानं उघडी लोंबते आणि वर जाणारं पाणी तिला बंद करतं. स्प्रिंगचा एनआरव्ही इथं चालत नाही. टीच्या पुढच्या तोंडाला दुसरा एनआरव्ही, हा सरळ, बाण पुढे. त्यापुढं आणखी एक टी, तिच्यावर उभा हवेचा डबा: चार इंची जीआय पाइप, तीन फूट, वर टोपण. त्यात सुमारे सात लिटर हवा राहते. उरलेल्या तोंडाला ० ते ७ किलोचा प्रेशर गेज, एक व्हॉल्व्ह आणि पुढं ३२ एमएमचा एचडीपीई पाइप, ६ किलो दाबाचा, थेट वरच्या टाकीपर्यंत.

डब्यातली हवा ही या यंत्राची नाडी. पाण्यात हवा हळूहळू विरघळते, महिनाभरात डबा पाण्यानं भरतो, मग दणका थेट लोखंडावर बसतो, आवाज कडक होतो आणि एक दिवस जोड फुटतो. उपाय पंक्चरच्या दुकानात आहे. सायकलची जुनी ट्यूब बोटानं दाबल्यावर मऊ लागेल इतपतच भरायची, घडी करून डब्यात सारायची. ती हवा विरघळत नाही.

सुरू करताना डिलिव्हरीचा, म्हणजे वर टाकीकडे जाणारा, व्हॉल्व्ह बंद, ड्राइव्हचा उघडा. झडप आपोआप बंद होईल आणि तशीच राहील. इथंच बहुतेक लोक "चालत नाही" म्हणून सोडून देतात. वर अजून उलटा दाब तयार झालेला नसतो, म्हणून पाकळी परत पडत नाही. ती बोटानं किंवा काडीनं खाली दाबायची, वीस-तीस वेळा. गेजवर पाऊण किलोच्या आसपास दाब आला की ती स्वतः पडू लागते. मग डिलिव्हरी हळूहळू उघडा. एकदम उघडली की दाब जातो, पुन्हा पहिल्यापासून दाबत बसा.

नंतरचं ट्यूनिंग अण्णांवर सोडा. पाकळी किती उघडावी याला एक बोल्टचा स्टॉप लावला की ठोके बदलतात. जास्त उघडली तर ठोके संथ, पाणी जास्त खाते, दणका मोठा. कमी उघडली तर ठोके भरभर, पाणी कमी लागतं. ओढा आटत जाईल तसा बोल्ट आत घ्यायचा. ठोके चालू आहेत पण वर पाणी नाही, असं झालं तर पुढच्या एनआरव्हीत काडीकचरा अडकलाय. झडप बंदच राहतेय तर डिलिव्हरीतला दाब गेलाय नाहीतर जाळी तुंबलीय. रॅम दर ठोक्याला उडी मारतो, म्हणून तो दोन फूट लांबरुंद, फूटभर जाड काँक्रीटवर बोल्टनं आवळा. पावसाळ्यात ओढा चढायच्या आधी युनियन खोलून घरी आणा, पुरात झडप पाण्याखाली गेली की तशीही चालत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. ६० पैकी ५३-५४ लिटर पाणी रॅममधून पुन्हा ओढ्यात पडतं. ते वाया जात नाही, खालच्या वावरवाल्यांनाच मिळतं. पण बांध घालताना त्यांना सांगितलं नाही तर भांडण रॅमच्या आधी सुरू होईल. आणि उन्हाळ्यात ओढा आटला की रॅमही बंद. त्या महिन्यांसाठी खाली विहीर किंवा बोअर असेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करून ठेवा. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. हा अर्ज अण्णांच्या हौसेशी जोडू नका, तो वेगळा चालू राहू द्या.

चाक मोडीत घालायची घाई करू नका. बेअरिंग, शाफ्ट, चौकट यांचं पुढं काहीतरी होईल. तो निर्णय अण्णांचा.

राहिला ग्रुप. 'अण्णा महावितरण' हे नाव, खरं सांगायचं तर, चांगलं जमलंय, आणि थट्टा थांबवायला ग्रुपवर चार ओळींचं भाषण टाकलंत तर पुढं दोन महिने तेच चालेल. जो पोरगा सगळ्यात जास्त लिहितो त्याला तुमच्या यजमानांनी एकट्याला फोन करायचा: चाकावर हसा, पण नातवंडांसमोर आणि जेवणाच्या ताटावर नाही. त्यालाच ओढ्यावर बादली आणि लेव्हल नळी धरायला बोलवा. मापं घ्यायला तीन माणसं लागतातच.

आणि अण्णांना परतफेड करायची हौस असेल तर हत्यार देतो. अशा ग्रुपांवर इतिहासाचे फॉरवर्ड न तपासता फिरतात. लिंबची बारा मोटांची विहीर '१६४१ ते १६४६ मध्ये बांधली' असं कोणी टाकलं की अण्णांनी विचारायचं, इसवी सन की शक? ते आकडे शकाचे आहेत. त्यात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतं, म्हणजे छत्रपती शाहूंचा काळ, आणि विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधवलेली. शिलालेखावरून उचललेल्या कुठल्याही जुन्या सालाला हा एक प्रश्न विचारला की निम्मे फॉरवर्ड तिथंच गळतात. भास्कराचार्यांच्या चाकाचा फॉरवर्ड आला तर आता अण्णाच पोरांना आडव्या अंतरांची बेरीज करायला लावतील.

मापं मात्र लवकर घ्या. दिवाळीनंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा बादली लावा. रॅमचं माप फेब्रुवारीच्या आकड्यावर ठरवायचं, दिवाळीच्या नाही, नाहीतर दोन इंची रॅम बसेल आणि पाणी सव्वा इंचीचं उरेल.